राहिलेलं टिंब

आमच्या ऑफिसात अण्णांना ‘काय, कसं काय?’ असं कुणी विचारत नसे. ‘सुटली का?’ असं विचारत. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळेच. पाणी प्यायला उठलेला माणूससुद्धा माठापर्यंत जाता जाता विचारून जायचा, ‘काय अण्णा, सुटली का?’ अण्णा मशीनवरची बोटं न थांबवता म्हणायचे, ‘राहिली.’ नापास हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पाहुणी मुक्कामाला राहावी तशी त्यांची परीक्षा राहायची.

सुटायची होती ती मराठी टायपिंगची परीक्षा. आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं! अहो, पण अण्णा म्हणजे त्या कामातला साधासुधा माणूस नव्हता. इंग्रजी टायपिंगमध्ये अख्ख्या नाशकात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेब खिडकीशी उभं राहून सिगारेट ओढत मजकूर सांगायचे आणि त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच अण्णांच्या मशीनची घंटी वाजायची. खाडाखोड नाही, रबर नाही. पण सरकारचा कारभार मराठीतून करायचं ठरलं आणि सगळ्या इंग्रजी टायपिस्टांच्या मागे मराठीची परीक्षा लागली. ती सुटेपर्यंत बढती बंद. त्याचं अण्णांना काही नव्हतं. त्यांची धास्ती वेगळीच होती. इंग्रजी मशीनं एकेक करून कोठीत चालली होती, आणि ज्याची मराठी सुटणार नाही त्याला मशीनवरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवणार होते. आलेल्या पाकिटांवर शिक्के मारायचे, जाणाऱ्या पाकिटांना डिंक लावायचा. ‘या वयात डिंकात बोटं घालू का मी?’ अण्णा म्हणायचे आणि दोन्ही हात समोर धरून बघत राहायचे. बोटं खरंच सुंदर होती हो त्यांची. लांब, निमुळती, नखं कापलेली, शाईचा एक डाग नाही.

मी त्या ऑफिसात लागले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाच्या धामधुमीत. दुष्काळी कामांची पत्रं ढिगाने निघत होती, सगळी मराठीतून, आणि मराठी टायपिंग येणारं माणूस हवं होतं. आमचे वडील इगतपुरीला रेल्वेत. तिथल्या पावसात पानं चिकटलेल्या वह्यांवर मी शिकले, मग नाशकात मावशीकडे राहून टायपिंगचा क्लास केला आणि पहिल्या झटक्यात पास झाले. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेली पहिली मुलगी मी. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, ‘आडनाव काय?’ मी सांगितलं की ‘हां, हां’ म्हणायचे आणि हळूच माठाकडे बघायचे. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण नवी नोकरी, गप्प बसले. दुपारी अण्णा माझ्या टेबलाशी आले. आता हेही विचारणार म्हणून मी आडनाव ओठांवर तयारच ठेवलं होतं. तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही नाही कसं लिहिता?’

मला वाटलं, हा माणूस वेडा आहे.

‘म्हणजे?’

‘नाही हा शब्द. लिहून दाखवा.’

मी लिहिलं, नाही. अण्णांनी कागद हातात घेऊन जवळ धरला, लांब धरला. ‘टिंब कुठंय?’

‘आता टिंब देत नाहीत, अण्णा. आम्हाला शाळेत असंच शिकवलं.’

‘तुमचा दोष नाही,’ ते म्हणाले. इतक्या दुःखाने म्हणाले, की जणू माझ्याच घरी कुणी गेलंय. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, मी आत शिरले की मान वर न करता ‘जयभीम, बाई’ म्हणायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

टिंबाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. पूर्वी मराठीत अक्षरांच्या डोक्यावर कितीतरी टिंबं असायची. नाहीं, कांहीं, नांव, गांव, घरांत, केलें, झालें. बोलण्यातून ती कधीच विरून गेली होती, कागदावर मात्र होती. मग शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि जी टिंबं बोलली जात नाहीत ती काढून टाकली. आम्ही नव्या नियमांवर वाढलेली पोरं, आम्हाला तेच सुटसुटीत वाटायचं. अण्णा जुने. येवल्याच्या शाळेत हेडमास्तरांनी छडीने एकेक टिंब पक्कं केलेलं. आणि परीक्षेत काय, छापील उतारा समोर ठेवतात, तो जसाच्या तसा मशीनवर उतरवायचा. उताऱ्यात ‘नाही’ असायचं. अण्णांचे डोळे ‘नाही’ वाचायचे आणि बोटं ‘नाहीं’ मारून मोकळी व्हायची. एक टिंब, एक चूक. वर्षातून दोनदा परीक्षा व्हायची, दोनदा अण्णा बसायचे, आणि दोनदा राहायचे.

टिंब नुसतं त्यांच्या बोटात नव्हतं, मानेत होतं. टाइप केलेलं पत्र तपासायला ते मोठ्याने वाचायचे, आणि जिथे जिथे जुन्या रीतीने टिंब हवं तिथे तिथे त्यांची हनुवटी टुणकन वर उडायची. कोंबडी पाणी पिते तशी. समोरचा कागद नव्या पद्धतीचा असला, त्यात एक टिंब नसलं, तरी हनुवटी आपली वर. नव्याने आलेल्याला वाटायचं, मानेचं काही दुखणं असेल. ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना ‘टिंबे’ म्हणायचे. इतकं रुळलं होतं ते, की एकदा दिंडोरीकडचा एक शेतकरी थेट त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘टिंबेसायेब कुठं बसत्यात?’ आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. अण्णांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याचं काम ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मीच.’

एकदा दुष्काळी कामांची गर्दी फार झाली म्हणून साहेबांनी त्यांना एक मराठी पत्र दिलं. अण्णांनी ते माझ्या मशीनवर बसून केलं आणि आत पाठवलं. अर्ध्या तासाने बाहेर आलं तेव्हा साहेबांनी प्रत्येक जास्तीच्या टिंबाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला. कागदाला कांजिण्या आल्या होत्या नुसत्या. हेडक्लार्क पोट धरून हसले. अण्णांनी तो कागद उचलला, खिडकीशी नेला आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेबांना सगळी सापडली बरं का. एकही सुटलं नाही. म्हणजे त्यांनाही माहीत आहे कुठं कुठं असतं ते.’

लग्नपत्रिकांवरून तर त्यांनी निम्मं ऑफिस दुखावलं होतं. पत्रिका हातात पडली की ते आधी पेन काढायचे. आहेर घेऊन लग्नाला जायचे आणि आहेराच्या पाकिटात दुरुस्त केलेली पत्रिका घालून द्यायचे. आमच्या एका क्लार्कच्या बहिणीच्या लग्नात मुलीच्या बापाने पाकीट उघडलं तर आत लाल शाई. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मुलाकडच्यांनी काही खोट काढली. त्यानंतर वर्षभर अण्णांना कुणी पत्रिका दिली नाही, तोंडी आमंत्रण द्यायचे. मेन रोडला दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर दिसला तरी अण्णा शिडीखाली उभे. ‘गांवठी तूप’ असं टिंबासकट लिहून घेतल्याशिवाय हलले नव्हते एकदा. पेंटर म्हणाला, ‘काका, रंगाचे पैसे तुम्ही देणार का टिंबाचे?’ आणि काय सांगू, दिले यांनी!

हे एवढं टिंबाचं वेड कुठून आलं असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘बापाकडून.’ त्यांचे वडील येवल्याला मागावर बसायचे, पैठण्या विणायचे. ‘पैठणीच्या अंगभर बुट्ट्या असतात ना, बारीक? त्यातली एक हुकली तर बाप दिवसभराचं विणलेलं उसवायचा. आई म्हणायची, अहो, कुणाला दिसणार आहे ती? तर म्हणायचा, मला दिसली ना.’ मी म्हटलं, ‘अण्णा, पण सरकारने साडीच बिनबुट्टीची मागितली तर?’ त्यावर ते हसले. हसायचे कमीच, पण हसले की कानापर्यंत लाल व्हायचे.

परीक्षेला जाताना मशीन आपलं आपण न्यायचं असे. अण्णा क्लासवाल्याकडून मराठी मशीन भाड्याने आणायचे आणि टांग्यात मांडीवर घेऊन बसायचे. केंद्र पंचवटीतल्या एका शाळेत. ते धूड एकट्याला उतरवता येत नसे, म्हणून हेडक्लार्कने एका वर्षी मला बरोबर धाडलं. मशीन एका गोधडीत गुंडाळलेलं होतं, लहानशी, पोपट लावलेली. मी चेष्टेने म्हटलं, ‘काय हो अण्णा, मशीनला बाळाची गोधडी?’ ‘घरात होती,’ ते म्हणाले आणि पुलावरून खाली गंगेकडे, म्हणजे आमच्या गोदावरीकडे, बघत बसले. दुष्काळाने गंगा पार आटली होती, पायऱ्यांखालचे दगडसुद्धा उघडे पडले होते. मी आपली बडबडत होते. अण्णा, टिंब विसरा आज. अण्णा, उताऱ्यात असेल तेवढंच. त्यांनी मान डोलावली.

मी शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. आतून मशीनांचा कडकडाट येत होता. घंटा झाली, पोरंपोरी बाहेर आली, सगळ्यात शेवटी अण्णा आले. चेहरा प्रसन्न.

‘कसा गेला?’

‘छान. वेळेआधी झाला. टिंब एकही जास्तीचं नाही दिलं, बाई.’

‘अगं बाई! सुटली मग!’

‘एका ठिकाणी कर्ता एकवचनी होता आणि क्रियापद अनेकवचनी,’ अण्णा म्हणाले. ‘ते तेवढं दुरुस्त केलं.’

कर्म माझं! मी कपाळावर हात मारला. ‘अहो, उतारा दुरुस्त करायला बसवलं होतं का तुम्हाला?’ ‘पण चूक होती ना ती,’ अण्णा म्हणाले. खरंच त्यांना समजेना मी का चिडले ते. आणि एवढं करून टिंबांचंही वेगळंच झालं होतं. टिंब नको, टिंब नको म्हणून त्यांनी इतका धसका घेतला, की जी टिंबं नव्या नियमातही ठेवली आहेत तीसुद्धा खाल्ली. ‘लोकांनी’चं ‘लोकानी’ आणि ‘त्यांना’चं ‘त्याना’. निकाल आला तेव्हा परत राहिली. पूर्वी जास्त टिंबांनी राहायची, आता कमी टिंबांनी राहिली.

अशी किती वर्षं गेली. माझं लग्न झालं, मला मूल झालं, मी रजेवरून परत आले, तरी माठाकडे जाणारा विचारतच होता, सुटली का? अण्णांचे केस पिकले. त्यांच्या मशीनकडे येणारं काम आटत आटत महिन्याकाठी चार कागदांवर आलं. तरी ते रोज सकाळी येऊन मशीनचं झाकण काढायचे, बारीक ब्रशाने टाइप साफ करायचे, येवल्याच्या कुठल्याशा बाद पैठणीच्या काठाचा तुकडा होता त्याने पुसून घ्यायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. मला ते बघवत नसे. मी माझी पत्रं मुद्दाम हळू करायचे, निदान माझ्या एकटीच्या मशीनचा कडकडाट सारखा त्यांच्या कानांवर पडू नये म्हणून.

मग तो आदेश आला. अमुक वयापुढच्या कर्मचाऱ्यांना मराठी टायपिंगच्या परीक्षेतून सूट. साहेब स्वतः बाहेर आले. हे नवे साहेब होते, मनाने भले.

‘अण्णा, पेढे आणा! सुटलात तुम्ही!’

अण्णा उभे राहिले. ‘सुटलो नाही, साहेब. सूट मिळाली.’

‘एकच की हो.’

‘नाही साहेब. सूट तिकडे नाशिकरोडला सेंट्रल जेलमध्येही देतात. कैद्याला.’

साहेबांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरोखर चांगलंच करायचं होतं. म्हणाले, ‘बरं, आता परीक्षेची कटकट मिटली. मशीन कोठीत जमा करा आणि आवक-जावकला निवांत बसा. चार वर्षं आरामात काढा.’ दुसऱ्या दिवशी दोन शिपाई मशीन उचलायला आले. अण्णांनी स्वतःच्या हाताने झाकण घातलं, त्यांच्या मागोमाग कोठीपर्यंत गेले, आणि परत येऊन आवक-जावकच्या टेबलाशी बसले. हेडक्लार्कने डिंकाची बाटली पुढे सरकवली. अण्णांनी उजव्या हाताची करंगळी बुडवली. टायपिंगमध्ये ज्या बोटांवर जास्त भार, ती त्यांनी वाचवली होती.

महिनाभराने ते माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, ‘बाई, मी परत बसतोय.’

‘कशाला?’

‘परीक्षेला.’

मी चकितच झाले. सूट मिळालेला माणूस परीक्षेला बसतो असं कुणी ऐकलं होतं का? हेडक्लार्क म्हणाले, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. पण मला कळत होतं. परीक्षा सुटली तर मराठी मशीन मागायचा त्यांना हक्क होता. सूट मिळालेल्याला नव्हता. एवढा सरळ हिशोब होता तो. मी म्हटलं, ‘बसा. पण या खेपेला मी शिकवणार आणि तुम्ही ऐकणार.’

ऑफिस सुटल्यावर आम्ही माझ्या मशीनवर बसायचो. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा. मराठी मशीनवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. अण्णांना तिची इतकी सवय झाली, की हाताने लिहितानाही आधी वेलांटी काढून मग तिच्या पोटात अक्षर घालायला लागले. वेग तर होताच. अडायचं ते टिंबापाशी. एक दिवस पुन्हा तेच पानभर कांजिण्या. माझं घरी तान्हं मूल, सासूबाईंचे डोळे घड्याळाकडे, आणि हा माणूस हट्टाला पेटलेला. माझा तोल गेला.

‘एवढं काय ठेवलंय हो त्या टिंबात? काढलं तर कुणाचं काय अडतं?’

अण्णांनी मशीनवर नवा कागद चढवला आणि दोन ओळी मारल्या. वर, ‘ते गेले.’ खाली, ‘तें गेलें.’

‘वाचा,’ म्हणाले. ‘वरच्यात कोण गेलं?’

‘कुणीतरी मोठं माणूस. वडीलधारं.’

‘आणि खालच्यात?’

‘नपुंसकलिंगी आहे. म्हणजे पाखरू, नाहीतर वासरू.’

‘मूल,’ अण्णा म्हणाले. ‘लहान मूल. बोलताना आपण गेलं म्हणतो, कळतं. पण सरकारी कागदावर आता दोन्ही सारखंच, ते गेले. वाचणाऱ्याला वाटणार, वय झालं असेल, गेले.’

‘मागच्या-पुढच्या वाक्यावरून कळतं की, अण्णा.’

‘मागचं-पुढचं वाक्य असेल तर,’ अण्णा म्हणाले आणि कागद ओढून चुरगाळून टोपलीत टाकला.

मला तेव्हा एवढंच वाटलं, की वाद घालण्यात या माणसापुढे आपला टिकाव लागणार नाही. मी दुसऱ्या बाजूने गेले. म्हटलं, ‘अण्णा, इंग्रजी टाइप करताना तुम्ही वाचता का हो काय लिहिलंय ते?’

‘छे. अक्षरं बघतो. वाचत बसलो तर वेग कुठून येणार?’

‘मग मराठीही तशीच मारा. समजा, ही तुमची भाषाच नाही. कुठल्या तरी परक्या लोकांची आहे. अर्थ घ्यायचाच नाही. दिसेल ते अक्षर, दिसेल ते टिंब.’

त्यांनी मशीनवरच्या टिंबाच्या कळीवर बोट ठेवलं. ‘जमेल,’ म्हणाले. ‘जमेल, पण अवघड आहे, बाई.’

जमलं. महिन्या-दोन महिन्यांतच पानावरचे लाल गोल गेले. परीक्षेला परत टांगा केला, परत ती पोपटाची गोधडी. बाहेर आले तेव्हा मी विचारलं, ‘उतारा कशावर होता?’ तर म्हणाले, ‘माहीत नाही. वाचला नाही.’ निकाल लागला तेव्हा मी ऑफिसभर ओरडत फिरले, सुटली, सुटली! हेडक्लार्कने उठून हात मिळवला. शिपायांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि कोठीतून आणलेल्या मराठी मशीनसमोर जाऊन बसले.

सुखाने संपायला हवं होतं हे इथेच. पण त्या दिवसापासून अण्णा गेलेच कुठेतरी. काम ढीगभर करायचे, एक चूक नसायची, नव्या नियमांप्रमाणे चोख. पण कच्च्या मसुद्यात क्लार्कने धडधडीत चुकीचं वाक्य लिहिलेलं असलं तरी ते तसंच टाइप होऊन यायचं. मी दाखवलं तर म्हणायचे, ‘असं होतं का? मी वाचलं नाही.’ पत्र तपासताना मोठ्याने वाचणंही बंद झालं, आणि हनुवटी वर उडायची तीही बंद झाली. आमच्या नव्या क्लार्कने लग्नाची पत्रिका दिली, तिच्यात ‘आशिर्वाद’ असं लिहिलेलं. आम्ही सगळे अण्णांच्या खिशाकडे बघत बसलो, आता पेन निघेल, मग निघेल. त्यांनी पत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली, ‘छान आहे,’ म्हणाले आणि खणात ठेवली. हसायला तयार होऊन बसलेले सगळे आपापल्या कागदांकडे वळले. मला तर वाटलं, ओरडून सांगावं, अण्णा, मारा हो लाल रेघ.

तशीच तीन-साडेतीन वर्षं काढून ते निवृत्त झाले. माठाकडे जाणाऱ्यांना विचारायला काही उरलं नव्हतं.

आणखी काही वर्षांनी, ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल, कळलं की अण्णांना अर्धांगाचा झटका आलाय. मी भद्रकालीत त्यांच्या घरी गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. जिन्यापाशी दोन खोल्या, खिडकीशी खाट, आणि खाटेवर अण्णा. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. ती बोटं चादरीवर नुसती पडलेली होती. काकूंनी मला पाट दिला. येवल्याकडच्याच त्या, बोलणं तिकडचं.

‘वळखत नाय कुणाला,’ त्या म्हणाल्या. ‘डाक्टर म्हनला, बोलत ऱ्हा त्यांच्याशी. मी काय बोलू? पेपर वाचून दाखव म्हनला, तर मला वाचाया येत नाय.’

उशाशी पेपर होता. मी घेतला आणि वाचायला लागले. धरणाची बातमी होती. ‘गंगापूर धरणातून पाणी सोडण्यात आलेले नाही.’ अण्णांचे डोळे छताला लागलेले. मी वाचत गेले. मध्येच पान उलटायला थांबले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, उशीशेजारी घडी करून ठेवलेल्या त्या पोपटाच्या गोधडीवरून हात फिरवत होत्या.

‘काकू, ही मशीनला असायची,’ मी म्हटलं.

‘मशीनला नंतर,’ काकू म्हणाल्या. ‘आमच्या लेकरासाठी शिवली होती मी. एकच झालं आमाला. बारसं व्हायच्या आतच...’ त्या थांबल्या. ‘नाव ठेवायचं ऱ्हाऊनच गेलं बगा. नाव नाय, तर आठवन काढायची तरी कशी? हे आनि मी आपसात त्याला नुसतं ते म्हनायचो. ते आसं हसायचं, ते आसं बगायचं. एवढंच. मंग ते गेलं.’

टोपलीत गेलेला तो कागद मला समोर दिसला. तेवढ्यात उशीवर काहीतरी हललं. अण्णांची हनुवटी होती. किंचितशी, पण वर गेली होती आणि आता खाली येत होती.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘ऐकतायत अण्णा.’

‘नाय वो. त्यांला काय कळतंय आता.’

‘कळतंय. परत बोला.’

‘काय बोलू?’

‘तेच. आत्ता शेवटी म्हणालात ते.’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. पदर सावरून खाटेशी सरकल्या, त्यांच्या कानाजवळ वाकल्या आणि हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, ‘ते गेलं.’

हनुवटी एकदा वर गेली, खाली आली, आणि पुन्हा एकदा वर गेली. या वेळी काकूंनीही पाहिलं.